वीज कंपनीत दगडाला कोण विचारतं?

प्रश्न : मी महापारेषणच्या उपकेंद्रात नोकरीला आहे. गाव राजापूर. मुलगी पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय भूशास्त्र. लहानपणी जवळच्या उन्हाळे गावातल्या गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचो, ते तिच्या डोक्यात बसलंय. म्हणते, जमिनीतल्या उष्णतेवर वीज करायची, मी त्यातच काम करणार. मी म्हणतो, वीज कंपनीत इलेक्ट्रिकलवाल्यांना विचारतात, दगडवाल्यांना कोण विचारतं? अजून वेळ आहे, लाइन बदल. यावरून महिनाभर अबोला आहे. काय करावं?

उत्तर : नमस्कार. आधी तुमच्या बाजूचं बोलतो. आपल्या कोकणातल्या झऱ्यांवर वीज करणं वाटतं तितकं सोपं नाही. तुमच्या उन्हाळे गावच्या कुंडाचं पाणी अंघोळीपुरतं ऊन. दापोलीकडच्या उन्हवऱ्याचं त्याहून कितीतरी जास्त, साधारण सत्तर अंशांचं. अलास्कात चीना नावाच्या ठिकाणी ७४ अंशांच्या पाण्यावर २००६ पासून वीज होते, हे मुलगी तुम्हाला सांगेलच. पण तिथे शेजारी बर्फासारखं थंड पाणी आहे. यंत्र चालतं ते गरम आणि थंड यांच्यातल्या फरकावर, आणि आपल्याकडे मे महिन्यात नदीचं पाणीच कोमट. त्यामुळे ‘गावच्या कुंडावर वीज’ हे स्वप्न तिने बाजूला ठेवलेलं बरं. भारतात आज भूऔष्णिक, म्हणजे जमिनीतल्या उष्णतेवरच्या, विजेचं एकही व्यावसायिक केंद्र चालू नाही. लडाखमधल्या पुगा खोऱ्यात १ मेगावॉटपासून सुरुवात करायची म्हणून ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये करार केला. जागा ४,४०० मीटरच्या वर, कामाचा हंगाम जेमतेम.

पण ‘दगडवाल्यांना कोण विचारतं’ हे मात्र मला पटत नाही. या एका धंद्यात वीज कंपनीला सगळ्यात आधी त्यांनाच विचारावं लागतं.

औष्णिक केंद्रात कोळशाची वॅगन येते, वजन होतं, पैसे दिले जातात. दर्जा वाईट निघाला तर भांडता येतं. इथे पुढच्या पंचवीस-तीस वर्षांचं इंधन पहिल्याच दिवशी, तेही न बघता विकत घ्यायचं असतं. दोन-तीन किलोमीटर खोल विहीर, तिला कित्येक कोटी, आणि खाली उष्णता सापडली तरी पाणी फिरायला भेगा नसल्या तर विहीर फुकट. तुमच्याकडे पाणाडी हातावर नारळ ठेवून जागा दाखवतो. विहीर कोरडी गेली की घरमालक चार दिवस हळहळतो, पण वीज कंपनीला वीजदर ठरवणाऱ्या नियामक आयोगासमोर उभं राहून सांगावं लागेल की हा खर्च आता ग्राहकांच्या बिलात घाला. म्हणून वीज कंपन्या बिचकतात. टर्बाइन, ट्रान्सफॉर्मर, वाहिनी यांची त्यांना कधीच भीती नव्हती. बिचकतात त्या जमिनीखालच्या अंधाराला.

केनियाने यातून वाट काढली. ओल्कारियाला १९५६ मध्ये पहिल्या विहिरी खोदल्या, त्या फसल्या. पहिला १५ मेगावॉटचा संच चालू व्हायला १९८१ उजाडलं. पुढे २००८ मध्ये सरकारने विहिरी खोदण्यासाठी वेगळी कंपनीच काढली : कोरडी निघाली तर नुकसान सरकारचं, वाफ निघाली तर वीज केंद्रवाल्याला विकायची. केनजेन या तिथल्या वीजनिर्मिती कंपनीने आणखी एक हुशारी केली. मोठं केंद्र उभं राहायला वर्षं लागतात, तोवर तयार विहिरीच्या तोंडाशीच छोटे संच बसवले आणि वीज विकायला सुरुवात केली. आज त्या देशाची चाळीस टक्क्यांहून जास्त वीज जमिनीतून येते.

कॅलिफोर्नियातल्या ‘द गीझर्स’ या वाफेच्या क्षेत्राची गोष्ट मला जास्त शिकवणारी वाटते. १९६० मध्ये तिथल्या वीज कंपनीने ११ मेगावॉटचं केंद्र टाकलं. विहिरी दुसऱ्यांच्या, कंपनी फक्त वाफ विकत घेणार. धंदा चालला तशा विहिरी वाढल्या, संच वाढले, आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस वाफेचा दाब उतरू लागला. सगळे एकाच भांड्यातून उपसत होते. मग १९९७ पासून आसपासच्या गावांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी लांबून पाइपने आणून खाली सोडायला लागले, तेव्हा उतार आवरला. हे पाणी कुठल्या विहिरीतून, किती सोडायचं हे तुमच्या मुलीसारखीच माणसं ठरवतात. केंद्र आहे तोवर ती नोकरी आहे.

आणि तिला उत्साह येईल अशी ताजी गोष्ट : अमेरिकेतल्या नेवाडात फर्वो नावाच्या कंपनीने २०२३ मध्ये तेलवाल्यांची आडवी विहीर खोदण्याची रीत वापरून, खडकात मुद्दाम भेगा पाडून ३.५ मेगावॉटची चाचणी केली. पुढे तिथल्या वीज कंपनीने असा दर ठरवला की या महाग विजेचा जादा भार गूगलने उचलायचा, सामान्य ग्राहकाने नाही. करार ११५ मेगावॉटचा.

आता मुलीचं. लाइन बदलू नये, पण नुसत्या बी.एस्सी.वर काही होणार नाही. आयआयटीच्या एम.एस्सी.साठी जॅम या प्रवेश परीक्षेचा भूशास्त्राचा पेपर द्यावा. मुंबई किंवा धनबाद मिळालं तर उत्तम, आणि झेपत असेल तर भूभौतिकी (जिओफिजिक्स). गांधीनगरच्या पंडित दीनदयाळ ऊर्जा विद्यापीठात भूऔष्णिक ऊर्जेचं स्वतंत्र केंद्र आहे. जवळचं पाहायचं तर कराडची भूभौतिकी प्रयोगशाळा. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास म्हणून त्यांनी तिथल्या गोठणे गावात ३ किलोमीटर खोल विहीर खोदली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या प्रकल्पासाठी या प्रयोगशाळेत एक पत्र टाकायला काय जातं?

पहिली नोकरी भूऔष्णिकमध्ये मिळेल असं धरून चालू नका. ती बहुधा तेलाच्या रिगवर असेल, नाहीतर भूजल यंत्रणेत, किंवा परीक्षा निघाली तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात. रिगवर बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात, आई-वडिलांचा जीव खालीवर होतो. पण खोल विहिरीचा अनुभव दुसरीकडे कुठे मिळत नाही. चार-पाच वर्षं अशी गेली की आइसलँडचा सहा महिन्यांचा भूऔष्णिक प्रशिक्षणक्रम आहे. तो आपल्यासारख्या देशांतल्या, या क्षेत्रात नोकरी करणाऱ्यांसाठीच आहे.

एक गोष्ट तिला कॉलेजात कोणी शिकवणार नाही, ती तुम्ही शिकवू शकता. वीज खरेदीचा करार कसा असतो, रात्री दोनला भार किती उतरतो, सौर वीज मावळली की ग्रिडला काय होतं, हे ज्या भूशास्त्रज्ञाला समजतं तो वीज कंपनीच्या टेबलावर बसू शकतो. बाकीचे दगडांच्या नमुन्यांच्या पेट्या सांभाळतात. दिवाळीला ती घरी येईल तेव्हा साहेबांची परवानगी काढून संध्याकाळच्या पाळीला तिला उपकेंद्रात घेऊन जा. तिच्याकडे थर्मामीटर असेलच; दुसऱ्या दिवशी तिने तुम्हाला उन्हाळे गावच्या कुंडावर न्यावं आणि पाणी किती अंश आहे ते तुमच्यासमोर मोजून दाखवावं.