बेरिअ‍ॅट्रिक (वजन घटवण्याच्या) शस्त्रक्रियेची तयारी कशी करावी आणि विमा असूनही खिशातून किती पैसे जातात?

उंची १६२ सेंमी, वजन १०१ किलो असे लिहून तुम्ही तयारी आणि खर्च यांविषयी विचारले आहे. मात्र प्रश्नाच्या शेवटी ‘घरचे म्हणतात की हा आळशी माणसाचा मार्ग आहे’ असे वाक्य आहे आणि मी उत्तर लिहायला बसलो तो त्या वाक्यामुळे. माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने हेच मला कित्येक वर्षे ऐकवले आहे.

माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया) नोव्हेंबर २०२३ मध्ये पुण्यात झाली. माझी उंची १७० सेंमी आणि वजन ११८ किलो, म्हणजे बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) ४०.८ होता. शस्त्रक्रियेआधीचे दोन आठवडे पातळ, कमी उष्मांकाच्या आणि भरपूर प्रथिनांच्या आहारावर काढावे लागतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्याचे कारण मात्र पुष्कळ जणांना कोणी सांगत नाही. लठ्ठ माणसाचे यकृत बहुधा चरबीने फुगलेले असते आणि त्याचा डावा भाग नेमका जठरावर येतो. आमच्या सर्जननी एका तळहातावर दुसरा पालथा ठेवून विचारले होते, “हा वरचा हात उचललाच गेला नाही, तर खालचे मला दिसणार कसे?” त्या आहाराने यकृत आकसते. तो आहार म्हणजे रुग्णाच्या निग्रहाची परीक्षा नव्हे, शस्त्रक्रियेचाच पहिला भाग आहे.

दिवाळीचेच दिवस होते. आहाराच्या नवव्या दिवशी दादा साताऱ्याहून आला, नेहमीप्रमाणे कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन. माझ्यासमोर मुगाच्या गाळलेल्या कढणाचा पेला होता. त्याने पुडा सोडला, एक पेढा बशीत काढून पेल्याशेजारी ठेवला आणि म्हणाला, “एकाने काय होतंय?” मी बशी बाजूला सारली. तेव्हा तो म्हणाला, “नऊ दिवस राहिलास ना असा? मग असाच वर्षभर राहा. चार लाख देऊन भूक कापून घ्यायची काय गरज आहे?” त्या वेळी मला उत्तर सुचले नाही.

आज ते देतो. २०१७ मध्ये मी आठ महिन्यांत १४ किलो उतरवले होते. रोज पहाटे पाच किलोमीटर चालत होतो आणि रात्री आठनंतर पाण्याखेरीज काही घेत नव्हतो. पुढच्या दीड वर्षात १७ किलो परत चढले. वजन उतरले की शरीर ते संकट समजते. भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते आणि विश्रांतीच्या वेळी खर्च होणारी ऊर्जा घटते. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढतात आणि घ्रेलिन मुख्यत्वे तयार होते तो वरचा फुगीर भाग त्यातच जातो. ‘भूक कापून घेणे’ हे दादाचे शब्द शास्त्राच्या दृष्टीने बरेचसे बरोबर होते, परंतु त्यात लाज वाटण्यासारखे काय आहे, हे त्याने मला कधीच सांगितले नाही.

आता कागदपत्रे. दाखल होण्याच्या सकाळी माझे वजन १११ किलो भरले, बीएमआय ३८.४. तोच आकडा कॅशलेसच्या अर्जावर गेला आणि अकरा वाजता विमा कंपनीची हरकत आली. विमा नियामकाने २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या शब्दरचनेनुसार वय १८ पूर्ण हवे, डॉक्टरांचा सल्ला आणि वैद्यकीय निकषांचा आधार हवा आणि बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक हवा. तो ३५ किंवा त्याहून अधिक असेल, तर लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार, गंभीर स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडखळण्याचा विकार) किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह, यांपैकी एक तरी हवा. शिवाय कमी त्रासाचे उपाय आधी अपयशी ठरलेले असावे लागतात. सांगितलेला आहार प्रामाणिकपणे पाळल्यामुळेच मी ४० च्या खाली आलो होतो.

मला दोन कागदांनी तारले. एक, आहार सुरू होण्याच्या दिवशी रुग्णालयाच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी नोंदवलेले ११८ किलो. दुसरा, स्लीप स्टडीचा अहवाल: झोपेत तासाला ४२ वेळा श्वास अडखळत होता आणि ३० पासून पुढे तो गंभीर धरतात. ९,००० रुपयांच्या त्या तपासणीला मी फार कुरकुर केली होती. भूलतज्ज्ञ हटून बसले म्हणून ती झाली. अपयशाचा पुरावा म्हणून २०१७ पासूनची आहारतज्ज्ञांची फाइल दिली. मंजुरी दुपारी चारला आली आणि शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी झाली.

एकूण बिल ४,३६,००० रुपये झाले. कंपनीने ३,६१,००० दिले, ७५,००० मी भरले. त्यात मोठा वाटा माझ्याच चुकीचा होता. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० असताना मी ७,५०० ची खोली घेतली. अशा वेळी केवळ भाड्यातील फरक जात नाही, त्याच प्रमाणात सर्जनची फी आणि थिएटरचे शुल्कही कापले जाते. स्लीप स्टडी दाखल होण्याच्या चाळीस दिवस आधी झाली होती आणि माझी पॉलिसी आधीच्या तीसच दिवसांचा खर्च देत होती, त्यामुळे ते पैसेही गेले. पॅकेज ठरवताना जठर कापून बंद करणाऱ्या स्टेपलरची किती कार्ट्रिजे (पिनांचे संच) धरली आहेत हे लेखी घ्या, कारण जास्तीच्या प्रत्येक कार्ट्रिजचे बिल वेगळे लागू शकते. नंतरची जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम आणि प्रथिनांची पावडर यांवर माझे महिन्याला साधारण २,००० रुपये जातात. त्याला विमा नाही, आणि जीवनसत्त्वे आयुष्यभर घ्यायची आहेत.

मी डॉक्टर नाही, पतसंस्थेत हिशेब तपासतो, हे आधीच सांगायला हवे होते. तुम्हाला छातीत जळजळ होत असेल तर स्लीव्हने ती वाढू शकते, जठराच्या बायपासविषयी (अन्नाचा मार्ग वळवणारी दुसरी शस्त्रक्रिया) विचारा. धूम्रपान काही आठवडे आधी बंदच हवे. स्त्री असाल तर नंतर निदान १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. वजन शस्त्रक्रियेनंतरही परत येऊ शकते. माझे ८१ पर्यंत उतरले होते, आज ८५ आहे.

तुमचा बीएमआय ३८.५ येतो. सर्जनच्या निकषांत तुम्ही बसाल, पण विम्यासाठी त्या चार आजारांपैकी एक कागदावर लागेल. शिवाय या शस्त्रक्रियेला पॉलिसीत प्रतीक्षा काळ असतो, माझ्या पॉलिसीत तो तीन वर्षांचा होता. स्लीप स्टडी आणि एचबीए१सी (तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) आहार सुरू होण्याआधी, पण पॉलिसी मोजते त्या दिवसांत करून घ्या. दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जा. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते आणि तिला शुल्क नाही.

घरच्यांना काही दाखवायचेच असेल, तर पॉलिसीतील ‘कमी त्रासाचे उपाय अपयशी ठरल्यानंतर’ हे कलम दाखवा. मी गेल्या पाडव्याला ते दादाला मोठ्याने वाचून दाखवले. त्याने चष्मा मागितला आणि ते पान स्वतः पुन्हा वाचले.