चेन वाजते म्हणजे बदलायलाच हवी का?

प्रश्न : मी लालबागला चाळीत राहतो. 125 सीसीच्या बाईकवरून रोज वांद्रे-कुर्ला संकुलात कामाला जातो. पावसाळा संपल्यापासून चेन करकरते, गाडीने वेग घेताना मागून झटका बसतो. गॅरेजवाला म्हणतो, चेनसेट बदला. पाने घरात आहेत, गाडी चाळीच्या अंगणात असते. घरी काही करता येईल का?

उत्तर : येईल, आणि पैसे मोजण्याआधी तेच करा. मुंबईच्या पावसात चार महिने चेनवरचं तेल धुऊन जातं, वर रस्त्याची बारीक रेती आणि समुद्राची खारी हवा. अशी कोरडी पडलेली चेन करकरणारच. करकरते म्हणून ती संपली, असं मी मानत नाही.

संध्याकाळी कामावरून आलात की गाडी डबल स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा, किल्ली काढून खिशात टाका. इंजिन चालू ठेवून चेनला फडकं लावणारे मी पाहतो तेव्हा जीव खालीवर होतो. बोट स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्रात, गेलं तर तुटतं. चाक हातानेच फिरवा. चेन कव्हरचे बोल्ट काढा, रॉकेल किंवा चेन क्लीनर मऊ ब्रशने लावा, पुसून कोरडं करा. पेट्रोल नको, आगीची भीती. मग 90 नंबरचं गिअर ऑईल चेनच्या आतल्या बाजूने, कड्याकड्यांच्या सांध्यांत थेंब थेंब सोडा. रात्रभर मुरू द्या, सकाळी वरचं पुसून घ्या, नाहीतर त्यावरच धूळ बसते.

आता खरी परीक्षा. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून मागे ओढा. जेमतेम हलली तर चेन शाबूत आहे. अर्धा दात उघडा पडला, किंवा दात एका बाजूला वाकून टोकदार झाले असतील, तर गॅरेजवाल्याचं बरोबर आहे. चाक फिरवताना चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल लागत असेल तरीही तेच.

शाबूत असेल तर तुमचा झटका बहुधा ढिल्या चेनचा. चेनच्या खालच्या पट्ट्याच्या मध्यावर बोटाने वरखाली करून पाहा. बहुतेक 125 सीसी गाड्यांना 20 ते 30 मिलिमीटर ढील लागते. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये आहे, तोच धरा. एक्सल नट, म्हणजे मागच्या चाकाच्या दांड्याचा मोठा नट, सैल करून दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरवा, म्हणजे चाक मागे सरकून चेन ताणली जाते. दोन्हीकडच्या खुणा जुळल्या पाहिजेत. चाक तिरकं बसलं तर चेन आणि टायर दोन्ही खाल्ले जातात. घट्ट चेनने गाडी छान पळेल असं वाटतं, पण तिने बेअरिंग जातात.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. चाक मागे सरकलं की ड्रम ब्रेकचा रॉड ताणला जातो आणि ब्रेक चिकटून राहतो. नट पक्का आवळल्यावर ब्रेकचा प्ले, म्हणजे ब्रेक लागण्याआधी पेडल जितकं मोकळं दबतं तेवढी जागा, पुन्हा लावा, चाक मोकळं फिरतंय ना ते बघा, आणि मगच गाडी रस्त्यावर काढा.

चेन बदलायचीच ठरली तर दोन्ही स्प्रॉकेटसकट पूर्ण सेट घ्या, जुन्या दातांवर नवी चेन लवकर झिजते. काम गॅरेजमध्येच करून घ्या, पण शेजारी उभे राहा. चेन लॉकच्या, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीच्या, क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेलाच हवं. उलटं बसलं तर क्लिप निसटू शकते.