शून्य आलं म्हणजे मॅग्मा, असं कोण म्हणतं?

प्रश्न: स्थिर समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे, न विघटणारे अणू) जुन्या खनिजसाठ्याचा उगम नक्की सांगता येतो का? एमएस्सीच्या प्रोजेक्टला किती नमुने लागतील?

नक्की? नाही. आणि ‘गंधकाच्या समस्थानिकांचा आकडा शून्य आला म्हणजे मॅग्मा’ असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर तो माझा जुना रूममेटच असणार.

एमएस्सीला आम्ही दोघं साकोलीकडे भर एप्रिलात फिरत होतो. क्वार्ट्झच्या शिरेत पायराइट, म्हणजे लोखंड-गंधकाचं खनिज, चमकत होतं, त्याने पिशव्या भरल्या. मी शेजारच्या शिस्टमधलं (पापुद्र्यांचा खडक) बारीक पायराइटही फोडून घेतलं, तर म्हणतो, “हे काहून उचलून राहिला बे? वजन कोन वाहीन?”

आकडे आले. शिरेतलं गंधक शून्याच्या आसपास. पठ्ठ्याने मॅग्मा जाहीर करून पेढे वाटले. मी शिस्टचा आकडा पुढे सरकवला, तोही तिथेच! म्हणजे गरम पाण्याने बाजूच्या दगडातलंच गंधक धुऊन शिरेत आणलं असलं, तरी आकडा हाच येणार. गाइड म्हणाले, “गुंतागुंत नको,” आणि माझा तेवढा परिच्छेद कापला.

अहो, ते शून्य तरी कशाचं? ॲरिझोनातल्या कॅन्यन डायब्लो उल्केतल्या ट्रॉयलाइटचं, तेही लोखंड-गंधकाचंच खनिज. त्यातलं गंधक-३४ आणि गंधक-३२ यांचं गुणोत्तर ही शून्याची खूण धरायची, बाकीच्यांचा त्यापासूनचा फरक दर हजारी मोजायचा. मॅग्मातलं गंधक त्याच्या जवळ असतं, कबूल. पण आजच्या समुद्रातलं सल्फेट +२१ च्या आसपास आणि जिवाणूंनी त्यातून केलेलं सल्फाइड बरंच हलकं, कारण त्यांना ३२ आधी पचतं. या दोघांची मिसळ झाली की मधला कुठलाही आकडा येतो, शून्यसुद्धा.

म्हणून शिरेसोबत बाजूचा दगड घ्याच, गाइड काही म्हणोत. गॅलेना (शिसं-गंधक) आणि स्फॅलराइट (जस्त-गंधक) एकत्र वाढलेले दिसले तर दोन्ही मोजा, तापमानाचा अंदाज मिळतो. पाणी कुठलं ते ऑक्सिजन-हायड्रोजनच्या समस्थानिकांना विचारायचं. वय यातलं कुणीच सांगत नाही. नमुने किती, ते प्रयोगशाळेचं बिल बघून ठरेल.

हां, एक राहिलं. आपल्याकडचे हे खडक खोलवर भाजून निघालेत, त्यात गंधकाची देवाणघेवाण झालेली असू शकते. शिरेने शिस्टकडून घेतलं की शिस्टने शिरेकडून, हे माझ्या दोन आकड्यांवरून ठरत नाही. पण मग त्याचा मॅग्मा तरी कुठे ठरतो? धंतोलीत भेटला की चहाचे पैसे तोच देतो, एवढं मात्र कबूल करत नाही.