इंजिनाची कंपने मर्यादेत, तरी ब्रॅकेट का तुटते?

प्रश्न : विमानाच्या कॉकपिटमध्ये इंजिनाच्या कंपनांचा आकडा दिसतो. तो मर्यादेत असतानाही इंजिनावर बसवलेल्या उपकरणांची ब्रॅकेट (त्यांना धरून ठेवणारे धातूचे आधार) आणि नळ्या तडकतात, असे वाचले. हे कसे घडते? ब्रॅकेट जाड करून भागत नाही का?
– यांत्रिक अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : कॉकपिटमधला आकडा बेअरिंगपाशी आणि फ्रेमवर बसवलेल्या मोजक्या संवेदकांकडून येतो आणि फिरत्या भागांचा तोल किती ढळला आहे, एवढेच मुख्यतः सांगतो. त्याच इंजिनावर हातभर अंतरावरची एखादी नळी किती थरथरते आहे, याचा त्याला पत्ता नसतो.

बोइंग ७३७ वरील सीएफएम५६-७बी इंजिन घेऊ. त्याच्या जलद रोटरचा (अधिक वेगाने फिरणाऱ्या भागाचा) शंभर टक्के वेग मिनिटाला १४,४६० फेरे, म्हणजे सेकंदाला २४१ आहे. जमिनीवर मंद चालताना तो साधारण साठ टक्क्यांवर, म्हणजे १४५ च्या आसपास असतो. ज्या ब्रॅकेटची नैसर्गिक वारंवारिता (धक्का दिल्यावर ते स्वतःहून सेकंदाला जितक्या वेळा थरथरते तो आकडा) १४५ ते २४१ या पट्ट्यात येते, ते कोणत्या तरी वेगाला अनुनादात सापडतेच, म्हणजे इंजिनाची लय त्याच्या लयीशी जुळते, आणि मग मूळचे किरकोळ कंपन त्याच्या टोकाशी कित्येक पटींनी वाढते. सेकंदाला २४१ या हिशेबाने एक कोटी आवर्तने साडेअकरा तासांत पुरी होतात. धातूला थकवा यायला, म्हणजे पुन्हापुन्हा ताण पडून तडे जायला, फार उड्डाणे लागत नाहीत.

आता जाडीकडे वळू. जाडीने ताठपणा आणि त्याबरोबर नैसर्गिक वारंवारिता वाढते, वजनाने ती घटते. समजा, १३० हर्ट्झचे (सेकंदाला १३० आवर्तनांचे) ब्रॅकेट तुम्ही जाड केले आणि ते १८० वर गेले, तर पट्ट्याबाहेर असलेली वस्तू तुम्ही स्वतःच आत आणून बसवली. उलट ३०० हर्ट्झच्या ब्रॅकेटवर अधिक जड पेटी लावली की त्याची वारंवारिता खाली, पट्ट्याकडे घसरते. त्यामुळे न मोजता केलेली मजबुती मला नेहमीच संशयास्पद वाटते.

नाजूक इलेक्ट्रॉनिक पेट्या कंपनरोधक आधारांवर बसवतात. असा आधार स्वतःच्या नैसर्गिक वारंवारितेच्या सुमारे १.४ पटींहून वरचीच कंपने कमी करतो, त्याखालची वाढवतो. शिवाय पेटीला हलायला जागा लागते. वायरिंगची जुडी ताणून बांधली, तर कंपने तिच्यावाटे थेट आत जातात आणि आधार असून नसल्यासारखा होतो.

नळ्यांच्या बाबतीत मात्र अनुनादापेक्षा घर्षण अधिक दगा देते. २४ ऑगस्ट २००१ रोजी टोरांटोहून लिस्बनला निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या ए३३० विमानाचे उजवे इंजिन काही दिवसांपूर्वीच बदलले होते. त्यावर नव्या धाटणीची इंधननळी आणि जुन्या धाटणीची हायड्रॉलिक नळी (दाबाखालचे तेल नेणारी) एकत्र आली. हायड्रॉलिक नळी हाताने बाजूला धरून नट आवळल्याने दोहोंत फट दिसली, पण दाब येताच ती नळी पुन्हा इंधननळीला टेकली. घासून इंधननळी फुटली, अटलांटिकवर दोन्ही इंजिने बंद पडली, आणि सुमारे १९ मिनिटे तरंगत वैमानिकांनी विमान अटलांटिकमधील अझोरेस बेटांवरच्या लाजेस तळावर उतरवले. विमानातील सर्व ३०६ जण वाचले.

म्हणून तपासणीत क्लॅम्पच्या (नळी पकडून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या) कडा आणि नळ्यांचे ओलांडे बारकाईने पाहावेत. ॲल्युमिनियम घासले गेले असेल, तर तिथे काळसर भुकटी दिसते. पोलादावर ती तांबूस असते. ही भुकटी पुसून पुढे जाऊ नये. क्लॅम्प उघडून आतले अस्तर झिजले आहे का आणि नळीवर चर पडला आहे का, हे पाहावे, आणि नळ्यांमधली फट यंत्रणेत दाब असताना पुन्हा तपासावी.