जिवाणूच्या बाह्यपटलापासून लस बनते, मग त्यातलं विष बाधत नाही का?

तुमची शंका रास्त आहे. सूक्ष्मजीवशास्त्र शिकताना मीही इथेच अडलो होतो. ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे दुहेरी पटलाच्या, जिवाणूंच्या बाह्यपटलात एंडोटॉक्सिन नावाचं विष असतं. ते रक्तात जरासं गेलं तरी ताप भरतो, जास्त गेलं तर रक्तदाब कोसळतो. मग तेच पटल टोचायचं कशाला?

मेंदूज्वराच्या मेनिंगोकॉकस या जिवाणूचं उदाहरण घ्या. त्याच्या इतर प्रकारांवर पटलाबाहेरच्या वेष्टणातल्या शर्करेपासून लस बनते. पण ‘बी’ प्रकाराची शर्करा आपल्याच चेतापेशींवरच्या शर्करेसारखी असते, त्यामुळे शरीर तिला परकी मानत नाही. (काय बेमालूम सोंग!) वेष्टण बाद, म्हणून त्याच्या आतलं पटल.

हे जिवाणू आपणहून पटलाचे साधारण २० ते २५० नॅनोमीटरचे फुगे सोडतात; लस त्यांचीच बनते. फुगा वाढत नाही, रोग करत नाही, पण त्यावरची प्रथिनं मूळ घडीत असतात. हाच खरा फायदा. सुटी काढलेली पटल-प्रथिनं अनेकदा घडी मोडून बसतात, आणि मोडक्या आकारावर बनलेली प्रतिपिंडं खऱ्या जिवाणूला ओळखत नाहीत.

आता विष. डीऑक्सिकोलेट या पित्तातल्या क्षाराने फुगे धुतले की बरंचसं निघून जातं. सगळं मुद्दाम काढत नाहीत, कारण उरलेला अंश रोगप्रतिकारक यंत्रणेला जागं करतो. दुसरी वाट जनुकाची: जिवाणूचं एलपीएक्सएल-१ हे जनुक काढलं की विषाच्या सहा मेदाम्ल-शेपट्यांपैकी एक गळते आणि ते सौम्य होतं. मला ही वाट जास्त पटते, कारण धुण्यात कामाची प्रथिनंही वाहून जातात. ताप मात्र पुरता टळलेला नाही. बेक्सेरो या ‘बी’ प्रकारावरच्या लसीनंतर बाळांना ब्रिटनमध्ये पॅरासिटामॉल द्यायला सांगतात.

मोठी अडचण वेगळीच आहे. फुग्यावरचं मुख्य प्रथिन, पोरए, जिवाणूच्या वाणागणिक (उपप्रकारागणिक) बदलतं. म्हणून न्यूझीलंडने २००४ साली आपल्या साथीच्या वाणापासूनच लस बनवून वापरली. बेक्सेरोत तेच फुगे आहेत, जोडीला तीन वेगळी प्रथिनं.

त्या न्यूझीलंडच्या लसीची एक गंमत २०१७ साली समोर आली: ती घेतलेल्या तरुणांत परमा (गनोरिया हा लैंगिक रोग) सुमारे ३१ टक्के कमी आढळला. परम्याचा जिवाणू मेनिंगोकॉकसचा जवळचा भाऊबंद, पण त्याला वेष्टणच नसतं. दोघांत सारखं आहे ते पटल.