टांगती तलवार असते, मग टांगती कुऱ्हाड का नसते?

प्रश्न असा आला आहे: ‘कर्मचाऱ्यांवर कपातीची टांगती कुऱ्हाड’ हा मथळा बरोबर की चूक? तलवार काय नि कुऱ्हाड काय, दोन्हींना धार असतेच, मग एकीच्या जागी दुसरी का चालू नये? जोडीला उपप्रश्नही आहे: ‘खर्चावर कुऱ्हाड’ आणि ‘खर्चाला कात्री’ एकच का?

माझ्या कानाला तो मथळा खटकतो. व्याकरणात तो कुठे चुकत नाही, पण मराठीत कुऱ्हाड टांगत नाहीत, ती कोसळते. तलवार डोक्यावर आहे तोवर प्रत्यक्षात काही घडलेलं नसतं, नुसती धास्ती असते. कुऱ्हाड म्हटलं की काम झालेलं असतं. कपात होणार अशी कुणकुण असेल तर टांगती तलवार, आणि नोटिसा हातात पडल्या की कुऱ्हाड कोसळली.

ही टांगती तलवार मूळची आपली नव्हे. सिराक्यूज या प्राचीन ग्रीक नगराचा सत्ताधीश डायोनिसियस आणि त्याचा खुशमस्कऱ्या डॅमोक्लिस यांची ती गोष्ट, रोमन वक्ता सिसेरोनं सांगितलेली. राजाच्या सुखाचा हेवा करणाऱ्या डॅमोक्लिसला राजानं आपल्या जागी मेजवानीला बसवलं आणि त्याच्या डोक्यावर घोड्याच्या एका केसाला तलवार बांधून ठेवली. मराठीत ती इंग्रजीच्या वाटेनं आली आणि इतकी रुळली की आता डॅमोक्लिसचं नाव घ्यायचीही गरज पडत नाही.

पण खरी गंमत ‘कोसळणे’ या क्रियापदात आहे. भिंत कोसळते, दरड कोसळते, पाऊस कोसळतो. जे जड आहे आणि वरून खाली येतं तेच कोसळतं. कुऱ्हाडीचं सगळं वजन दांड्याच्या टोकाला, हातापासून लांब असतं. एकदा डोक्यावरून खाली सोडली की मध्येच थांबवणं किंवा वळवणं कठीण. तलवारीचा तोल मात्र मुठीच्या जवळ, साधारण वीतभर अंतरात येतो. म्हणून १ ते १.५ किलोची तलवार मनगटावर फिरते, वार चुकला तर लगेच सावरता येते. तेवढ्याच वजनाच्या कुऱ्हाडीचा घाव चुकला तर तो कुठे जातो, हे ‘आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणे’ या वाक्प्रचारात नोंदवून ठेवलेलं आहे. आपल्याच पायावर तलवार मारून घेतल्याचं कुणी म्हणत नाही.

वर मी नकळत ‘तलवारीचा वार’ आणि ‘कुऱ्हाडीचा घाव’ असं लिहिलं, तेही असंच. घाव म्हणजे जखमही, त्यामुळे तलवारीचे घाव अंगावर असतात. पण घालायचा घाव हा कामाच्या जगातला: टाकीचा, घणाचा, कुऱ्हाडीचा. वार झटपट होतात, म्हणून ते ‘सपासप’ होतात. बातम्यांमध्ये ‘कुऱ्हाडीने सपासप वार’ हमखास वाचायला मिळतं. लिहिणाऱ्यानं कधी कुऱ्हाड उचलून पाहिली नसावी, असं मला दरवेळी वाटतं.

तलवारीला म्यान असतं, आणि त्या एका वस्तूवर वाक्प्रचारांचं अख्खं घर उभं आहे. तलवार उपसतात, परजतात, गाजवतात आणि शेवटी म्यान करतात. निवडणुकीत बंडखोर अर्ज मागे घेतात तेव्हा तलवारीच म्यान होतात. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. कुऱ्हाड काम संपलं की कोपऱ्यात उभी राहते, तिला मागे घेण्याचा विधी नाही.

तिच्या वाट्याला आला तो दांडा. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण तलवारीवर रचताच आली नसती. कुऱ्हाडीचं पातं लोखंडी, पण त्याच्या भोकात पाचर मारून घट्ट बसवलेला दांडा लाकडाचा, म्हणजे झाडांच्याच गोतातला. तो नसेल तर पातं झाडाचं काही वाकडं करू शकत नाही. तलवारीत पात्याचंच शेपूट मुठीत शिरलेलं असतं, तिथे घरभेदी व्हायला कुणी उरत नाही.

आता परशुरामाचं काय, असं कुणी विचारील. परशू हे शस्त्रच. पण मराठीनं कामं कशी वाटून दिली पाहा. संस्कृत ‘कुठार’ झिजून ‘कुऱ्हाड’ झाली आणि लाकूडतोड्याकडे गेली. युद्धातली ती ‘परशू’ या तत्सम रूपातच राहिली, किंवा ‘फरशी’ झाली. (जमिनीवरची फरशी वेगळी, तिचा संबंध ‘फर्श’शी.) वस्तूंमध्येही हा फरक होता: लाकूड फोडायच्या कुऱ्हाडीचं अंग पाचरीसारखं जाड, लढाईच्या परशूचं पातं पातळ आणि हलकं.

तलवारीला कुणी अवजार म्हणत नाही. कुऱ्हाड दोन्ही असू शकते, आणि तिच्यासाठी नेमका शब्द आहे ‘हत्यार’. सुताराची हत्यारं आणि पोलिसांनी जप्त केलेली हत्यारं, शब्द एकच, कारण त्याचं नातं हाताशी आहे, हत्येशी नाही.

राहिला उपप्रश्न. कात्री लागली की खर्च कडेनं कमी होतो, पण योजना चालू राहते. कुऱ्हाड कोसळली की योजनाच बंद. प्रवासभत्ता दहा टक्क्यांनी घटला आणि मथळ्यात कुऱ्हाड आली, तर संपादकानं ती काढून कात्री ठेवावी.