पर्शियन मांजराचं पिल्लू घेताना कोणत्या आनुवंशिक तपासण्यांचे रिपोर्ट मागावेत?

तुम्ही लिहिलंय की विकणारा सांगतो, ‘पिल्लू एकदम हेल्दी आहे, लसी झाल्यात, जंताचं औषध दिलंय.’ ते खरं असेलही. पण आनुवंशिक आजाराचा आणि लसीच्या कार्डाचा काही संबंध नाही. रिपोर्ट मागायचा तो पिल्लाच्या आईबापाचा.

आमचा बोका पर्शियन होता, डॉल फेस, म्हणजे चपट्या नाकाचा नव्हे. सहा वर्षं ठणठणीत. सातव्या वर्षी पाणी जास्त प्यायला लागला, त्याच्या शू-शीच्या वाळूत (लिटर) लघवीचे गोळे मोठे यायला लागले. आम्ही म्हटलं, उन्हाळा आहे. वजन उतरल्यावर डॉक्टरांनी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा घटक, वाढलेलं, आणि सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठीच गाठी. पीकेडी, म्हणजे पॉलिसिस्टिक किडनी डिसीज, हा आनुवंशिक आजार. पुढचे आठ महिने घरीच कातडीखाली सलाईन देत काढले.

तेव्हा सगळं वाचून काढलं. पीकेडी१ नावाच्या जनुकात एकाच अक्षराचा बदल असतो. 2004 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या लेस्ली लायन्स यांच्या गटाने तो शोधला. त्याआधी वेगवेगळ्या देशांत सोनोग्राफी करून पाहिलं होतं, तर साधारण तीनातल्या एका पर्शियनला हा आजार निघत होता. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून; आजाराला बिघडलेली एकच प्रत पुरते. दोन्ही प्रती बिघडलेली पिल्लं बहुधा गर्भातच जातात, म्हणून आईबापांपैकी एक बाधित असला की प्रत्येक पिल्लाचं नशीब म्हणजे नाणेफेक. पण याचीच दुसरी बाजू अशी की इथे स्वतः आजारी न पडता दोष पुढे देणारा, लपून राहणारा वाहक नसतो. दोघंही निगेटिव्ह असतील तर पिल्लाला हा दोष आईबापाकडून येऊच शकत नाही. म्हणून या जनुकाची डीएनए तपासणी आईबापाची जोडी जुळवण्याच्या आधी व्हायला हवी, आणि न करणाऱ्या ब्रीडरला माझ्या मते काही सबब नाही.

गालाच्या आतून ब्रश फिरवून नमुना घेतात, कुठल्याही वयात चालतं. (पिल्लू नुकतंच आईला पीत असेल तर आईच्या पेशी मिसळू शकतात, म्हणून थोडा वेळ वेगळं ठेवून मग घ्यायचा.) सोनोग्राफी मात्र साधारण दहा महिन्यांनंतर भरवशाची. तीन महिन्यांच्या पिल्लाची ‘क्लीन’ सोनोग्राफी कुणी दाखवली तर तिच्यावर विसंबू नका. रिपोर्टवर मायक्रोचिपचा नंबर आहे का तेही पाहा, नाहीतर तो कुठल्याही मांजराचा असू शकतो. ‘आमची लाइन क्लीन आहे’ हे नुसतं वाक्य आहे. वंशावळीचा कागदही आजोबा कोण होते एवढंच सांगतो.

तुमचा मित्र सुचवतो तसं पर्शियनऐवजी मेन कून जातीचं मांजर घेणार असाल तर तिथे प्रश्न हृदयाचा. हृदयाच्या भिंती जाड होण्याच्या आजाराशी, म्हणजे एचसीएमशी, जोडलेला एक जनुकबदल 2005 मध्ये सापडला, पण तो निगेटिव्ह आला म्हणजे हृदय सुरक्षित असं होत नाही. आईबापाचा एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, दरवर्षी झालेला हवा. दुमडलेल्या कानांच्या स्कॉटिश फोल्ड जातीला तर रिपोर्टच लागत नाही. जो दोष कान दुमडतो तोच अंगभरच्या कूर्चेत आणि हाडांत असतो, पुढे सांधे आखडतात. घेऊ नका.

आता माझीच चूक सांगतो. आमच्या बोक्याला तिसऱ्या वर्षी ओळखीतल्या एका भाटीशी हौसेने जुळवलं होतं. पाच पिल्लं झाली, पाच घरी गेली. त्याचं निदान झाल्यावर पाचही घरी फोन केले. तिघांनी तपासणी केली, दोन पॉझिटिव्ह निघाली. एका बाईंनी विचारलं, ‘हे तेव्हा कळलं असतं का हो?’ कळलं असतं. एका ब्रशचं काम होतं.